गोचीडबाईंचं रक्त

प्राणिसंग्रहालयातल्या सर्पालयात त्यांना सगळे गोचीडबाई म्हणत, आणि त्यांना त्याचा रागही येत नसे. रानातून पकडून आणलेली घोरपड असो की अजगर, खवल्यांखाली दडलेली गोचीड शोधून सबंध उपटण्यात बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. हातमोजे त्या घालत नसत. "मोज्यांतून काय डोंबल कळतंय?" म्हणायच्या आणि गोचीड दोन नखांत चिरडून पुढच्या खवल्याला हात घालायच्या. पंचवीस वर्षं असंच चाललं. साहेबांनी पाठवलेली मोज्यांची खोकी त्यांनी कपाटात रचून ठेवली होती.

घरी मात्र नवऱ्याशी छत्तीसचा आकडा. नोकरी लागली त्याच वर्षी त्यांचा दीड वर्षाचा मुलगा तापाने गेला होता. अंगावर पुरळ उठलं तेव्हा नवरा म्हणाला होता, "गोवर असेल, दोन दिवस बघू." त्या दोन दिवसांपायी बाई पुढे कधी त्याच्याशी धड बोलल्या नाहीत. जेवायला वाढायच्या, पण ताट आपटून. तो बिचारा छापखान्यातून यायचा, खाली मान घालून जेवायचा आणि आपलं ताट आपणच घासायचा.

यंदा सर्पालयात नव्याने लागलेली एक बाई तापाने फणफणली. उघड्या हातांनी काम करायला तिला गोचीडबाईंनीच शिकवलं होतं. गोचिडीतले जंतू तिच्या रक्तात शिरलेत असं तपासणीत निघालं. ती गोळ्यांनी वाचली, पण मग सगळ्यांचंच रक्त तपासलं, आणि गोचीडबाईंच्या रक्तात त्याच आजाराची जुनी खूण सापडली.

"तुम्हाला कधी ताप, पुरळ असं काही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नोकरीच्या पहिल्या वर्षी. चार दिवसांत उतरला."

"घरात आणखी कोणाला?"

बाईंनी पोराच्या तापाचं, पुरळाचं सांगितलं. तेव्हा त्या कामाच्या कपड्यांतच घरी यायच्या आणि दारातच पोराला उचलून घ्यायच्या.

"कपड्यांतून एखादी गोचीड घरी येऊ शकते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण इतक्या वर्षांनी नक्की कोणीच सांगू शकणार नाही."

म्हणजे गप्प बसलं तर घरी काही कळणार नव्हतं. हा विचार बाईंच्या मनात आला नाही असं नाही. घरी जाताना सगळी वाट तोच घोळत होता. पण ज्या माणसाला पंचवीस वर्षं पोराचा मारेकरी ठरवलं, त्याला मरेपर्यंत तसंच ठेवायचं, इतक्या काही त्या दगडाच्या नव्हत्या.

नवरा भाजी निवडत बसला होता. बाई उभ्याउभ्याच बोलल्या, "अहो, आपलं पोर तुमच्यामुळे गेलं नाही. माझ्या कपड्यांतून गोचीड आली असणार."

तो निवडतच राहिला. मग म्हणाला, "आली होती. त्याच्या कानामागे चिकटली होती. मी काढून फेकून दिली."

"आणि डॉक्टरांना सांगितलं नाहीत?"

"तुझी नोकरी नवी होती. चौकशी होईल, नोकरी जाईल, असं वाटलं. आणि गोचिडीने माणूस मरतो, हे मला काय ठाऊक?" त्याने हातातली भाजी खाली ठेवली. "तू मला बोल लावायचीस, तेव्हा वाटायचं, लावू दे. खोटं थोडंच आहे?"

बाई खाली बसल्या. चिडावं तर कुठल्या तोंडाने, आणि माफ करावं तरी कसं? मग त्यांनी विचारलं, "केवढी होती?"

"वाटाण्याएवढी. टम्म फुगलेली."

बाईंना कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. रक्त पिऊन एवढी फुगायला गोचिडीला निदान चार-पाच दिवस लागतात. आणि त्या चार-पाच दिवसांत पोराला रोज आंघोळ त्यांनीच घातली होती.