भारनियमनावर चालणारी मोटर

मी सगळीच्या सगळी तार घासून काढली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पॉलिश पेपरने, देवापुढच्या तांब्यासारखी चकचकीत.

बायको जानेफळच्या शाळेत विज्ञान शिकवते. दुसऱ्या दिवशी तिला वर्गात मोटर फिरवून दाखवायची होती. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं, एवढाच पसारा. पोरांना तिने शब्द दिला होता. मी म्हटलं, तू पेपर तपास, मोटर माझ्यावर सोड. विहिरीवरची मोटर सांभाळणाऱ्या माणसाला हे खेळणं काय जड! आत जाता जाता ती एवढंच म्हणाली, "तार घासून घ्या." मी घेतली.

वेटोळं केलं, पिनांत अडकवलं, खाली चुंबक ठेवला. हललं काहीच नाही. सेल मात्र तापला.

तिने येऊन पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, तारेवर वार्निश असते! फक्त टोकं घासाची होती. आता सारे वेढे एकमेकायले उघडे चिकटले. करंट कायले गोल गोल फिरन? आडवाच निघून जाते."

"मले तं पयलेपासून तांबंच दिसलं."

नशिबाने तार उरली होती. या खेपेला बायको माझ्या डोक्याशी उभी राहिली. "एक टोक पूर्ण घासा. दुसरं अर्ध्याच बाजूनं."

"अर्धं काऊन?"

"अर्धा फेरा करंट बंद राह्यला पाह्यजे."

"मंग मुद्दाम बंद पाडाचा?"

"हाव. नाही तं अर्ध्या फेऱ्यात पुढं ढकलते अन् उरलेल्या अर्ध्यात मागं ओढते. जागीच डुलत राहीन ते. तेवढ्यापुरता तोडला का आपल्या झोकानं पुढं जाते."

माझं डोकं तिथेच फिरलं, मोटर नाही. लाइन गेली की मोटर बंद, एवढंच विद्युतशास्त्र मला येत होतं आणि त्यावर मी जन्मभर वीजवाल्यांना शिव्या दिल्या. आता म्हणे लाइन जाते म्हणूनच ही फिरते! मंग आपली लाइन तोडणारे फिडरवरचे वीजवाले मोठे शास्त्रज्ञच म्हणायचे का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "घासा."

घासलं. वेटोळं पिनांत बसवलं आणि हात मांडीवर ठेवून बसलो. विहिरीवर मी ऑटो बसवलाय. लाइन आली की मोटर आपोआप सुरू होते. माणसाने नुसती वाट पाहायची. तशी पाहिली. ती चहा ठेवून आली. वेटोळं ढिम्म. उलटी बाजू घासली गेली का? चुंबक पालथा आहे का? तो उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग मलाच कळेना, आधी कसा होता.

"उद्या पोरायले चित्र काढून दाखव," मी हार मानली.

तिचा चेहरा उतरला. "चित्र तं पुस्तकातही आहे." मग ती खाली वाकली. "तुमी याले हात लावला होता का?"

"हात कायले लावाचा? सुरू होईनच ना."

तिने वेटोळ्याला बोटाने हलकी टिचकी मारली. ते भिर्रकन फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं.

"म्हणजे पयले धक्का द्या लागते?" मी विचारलं.

"हाव," वेटोळ्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "हे एका टिचकीत फिरलं. तुमाले लग्न झाल्यापासून मारून राह्यली, आजून जागचे हालले नाही."