दोन माणसांची खात्री

दिंद्रुडच्या वनमाला कोकरे यांचं नाव एका सॉफ्टवेअरच्या मदतनीसांच्या यादीत एकशे सतराव्या क्रमांकावर आहे. त्यांच्या वर एक डच गृहस्थ आहेत, खाली ब्राझीलचा एक विद्यार्थी. वनमालाबाई झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतात. कोडची एक ओळही त्यांनी कधी लिहिलेली नाही.

सॉफ्टवेअर म्हणजे फेसबुकसारखंच प्रकरण, फक्त त्याला मालक नाही. कुणीही घ्यावं, आपल्या गावापुरतं उभारावं, त्यात सुधारणा सुचवावी. वडवणीचा शिवशंकर पुण्यात संगणकाची नोकरी करतो. त्याने ते आपल्या भागासाठी उभारलं आणि 'पार' असं नाव दिलं. वाईट मजकूर हटवणाऱ्याला मराठीत काय म्हणावं असा प्रश्न निघाला तेव्हा शिवशंकरने 'नियंत्रक' सुचवलं. वनमालाबाई म्हणाल्या, "नियंत्रक एस्टी स्टँडवर बसतो बाबा, अन् गाडी कधी येनार ते त्यालाबी ठावं नसतं. राखणदार म्हन." तेच ठरलं, आणि राखणदारीही त्यांच्याच गळ्यात पडली.

त्यांनी ती घेतली ती भावासाठी. सटवा चार वर्षांचा असताना आई गेली. बारा वर्षांच्या वनमालाने त्याला कडेवर वाढवलं. मोठा झाल्यावर तो मेंढरं घेऊन दिवाळीनंतर घाटाकडे जायचा तो पाऊस पडल्यावर परतायचा. आठ महिने भाऊ जिवंत आहे की नाही हे रेंजवर ठरायचं. म्हणून वनमालाबाईंनी शिवशंकरच्या मागे लागून पारावर बोलते निरोप सुरू करून घेतले. मेंढपाळाच्या एका हातात काठी असते. तो टाइप कशाने करणार, हा त्यांचा मुद्दा डच गृहस्थांनाही पटला. सटवा आठवड्यातून दोनदा बोलायचा. "आक्का, बरं हाय. पानी हाय. कुत्रं येडं झालंय." एवढंच. वनमालाबाई ते दुकानात तीनतीनदा ऐकायच्या.

दुसरी सुधारणा जास्त गाजली. आपल्याकडे निवडणुकीत पडलेल्या माणसाचा फोटो झेंडूच्या चौकटीत घालून, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून फिरवायची पद्धत आहे. माणूस धडधाकट घरी जेवत असतो. सरपंचकीला अमरसिंह पडला तेव्हा वनमालाबाईंच्या चुलतभावाने, हरिओमने, त्याची अशीच चौकट पारावर टाकली आणि सोबत स्वतःच्या आवाजात रडून दाखवलं. चांगला रडला होता. अमरसिंहची आई छबुबाई त्या दिवशी कपिलधारला दर्शनाला गेलेली. तिला कुणीतरी ते ऐकवलं, ती पायऱ्यांवर कोसळली आणि खुबा मोडून बसली.

वनमालाबाईंनी हरिओमला दुकानासमोर उभं करून चार माणसांत झापलं. मग त्याचा नंबर ब्लॉक केला, आपल्या फोनवर आणि भावजयीच्या, साखराबाईच्या, फोनवरही. आणि नियम सुचवला. मृत्यूची बातमी आली की ती आधी रोखायची. गेलेल्या माणसाच्या दोन नातेवाइकांनी खात्री दिली तरच सोडायची. टाकणाऱ्याला विचारायचं नाही, कारण तो खरंच म्हणणार. शिवाय टाकणाऱ्याला त्याची बातमी पारावर दिसत राहावी, म्हणजे तो भांडायला येणार नाही. ही शेवटची अक्कल खास त्यांची. डच गृहस्थांनी विचारलं, जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहण्याचा प्रकार तिकडे नेहमी होतो का? शिवशंकरने कळवलं, हंगामी आहे. नियम सॉफ्टवेअरमध्ये गेला आणि बाई एकशे सतराव्या झाल्या.

गेल्या फेब्रुवारीत एका मंगळवारी, सकाळी अकराला, झेंडूची तीच चौकट पुन्हा आली. आत सटवाचा फोटो. टाकणारा हरिओम. त्या वर्षी तोही मेंढरांसोबत गेला होता. सोबत आवाज होता: "आक्का, सटवा गेला गं. कंटेनरनं उडीवला. लवकर ये." आणि रडणं.

वनमालाबाईंनी ते पूर्ण ऐकलंही नाही. दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "ह्या मुडद्याला अजून अक्कल आली न्हाई." तरी नियम तो नियम. सटवाला फोन लावला, बंद. तो बंदच असायचा. साखराबाईला लावला.

"साखरा, सटवा बरा हाय का गं?"

"काल सांजच्याला बोलले की. कावून वो आक्का?"

"काय न्हाई. हरिओमचा चावटपना."

"त्याला कामधंदा न्हाई."

दुसरा फोन चुलते आसाराम यांना. तेही म्हणाले, "चांगला ठनठनीत हाय. मरायला काय झालं त्याला?" दोन माणसांची खात्री झाली. वनमालाबाईंनी बातमी नामंजूर केली आणि कुणाच्या तरी सातबाऱ्याची प्रिंट काढायला घेतली.

तिकडे नाशिक जिल्ह्यातल्या एका गावात, दवाखान्याबाहेर, हरिओमला आपली चौकट पारावर व्यवस्थित दिसत होती. आक्काने बघितली असणार, बाकीच्यांना तीच सांगेल. तिचा आणि साखराचा फोन लागत नव्हता, म्हणजे निघाले, जीपमध्ये रेंज नसेल. जीपने आठ तासांचा रस्ता. पोस्टमार्टेम झालं. रात्र गेली. गावातल्या भल्या माणसांनी बर्फाच्या लाद्या आणून दिल्या. "येनारैत," हरिओम प्रत्येकाला सांगत राहिला. बुधवारी दुपारी बर्फही संपला. दोन वाजता गावकऱ्यांनीच लाकडं रचली.

तीन वाजता वनमालाबाईंच्या दुकानात अनोळखी नंबरवरून फोन आला. हरिओमने चहावाल्याचा फोन मागून घेतला होता.

"आक्का, कुठवर आलीस? लई वाट बघितली गं. आत्ताच अग्नी दिला."

त्या काय बोलल्या ते त्यांना आठवत नाही. गिऱ्हाईक सांगतं, त्या म्हणाल्या, "थांबीव."

दहावं झाल्यावर त्यांनी पारावर मागणी केली की हा नियम काढून टाका. मतदान झालं. सगळ्यांना वाईट वाटलं होतं, आणि सगळ्यांनी नियम राहू द्या म्हणून सांगितलं. छबुबाईने वॉकरवर टेकून बोलता निरोप पाठवला: "माय वनमाला, नेम काढू नगंस. तुझ्यामुळं आमी जित्ते हाव." डच गृहस्थांनी दुःख कळवलं आणि नियम अपेक्षेप्रमाणे चालला असल्याचं नमूद केलं. तेही खरंच होतं.

सटवाची बातमी मात्र अजून पारावर नव्हती. ती नामंजूर होती. शिवशंकर फोनवर म्हणाला, "आक्का, मी इथून सोडतो. तुमी त्यात पडू नका."

"छबुबाईच्या घराला नेम, अन् माझ्या घराला न्हाई?"

त्या साखराबाईकडे गेल्या. साखराबाई ओट्यावर मेंढराची लोकर पिंजत बसली होती, करायला दुसरं काही नव्हतं म्हणून. वनमालाबाईंनी फोन काढला.

"साखरा, नेमानं इचारावं लागतंय."

"इचारा."

"सटवा गेला, हे खरं हाय का?"

साखराबाईने हातातली लोकर खाली ठेवली. "त्या दिशी बी तुमी मलाच इचारलंत आक्का. मी बरे हायेत म्हनले." मग ती पुन्हा उचलत म्हणाली, "आता हो म्हनते. लिवा."

एक खात्री झाली. दुसरी आसाराम चुलत्यांची घेता आली असती. वनमालाबाईंनी ती स्वतःची लिहायला घेतली. नाव लिहिलं, नातं लिहिलं. खाली एक रकाना असतो, त्यांनीच सांगून घातलेला: तुम्हाला हे कसं कळलं? पाहिलं असेल तर 'पाहिलं' लिहायचं.

त्यांनी लिहिलं, हरिओमने सांगितलं.