नाव मोठ्याने घ्यावे

३ ऑक्टोबर २०२२ रोजी भावोजींनी चर्चच्या ऑफिसात माझ्या टेबलावर रोख तीनशे पन्नास ठेवले आणि म्हणाले, "हिशेबनीस, पावती फाड."

मी एका कारखान्याच्या हिशेब खात्यात आहे. निवृत्तीला चौदा महिने उरले आहेत. संध्याकाळी दोन तास चर्चचं दप्तर सांभाळतो, त्याचा मोबदला घेत नाही. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताईला जाऊन ११ नोव्हेंबरला वर्ष होणार होतं आणि त्या दिवशीची सकाळी साडेसहाची मिस्सा, म्हणजे आमची वेदीवरची उपासना, त्यांना तिच्यासाठी हवी होती. मी वहीत नोंद केली. शेवटचा रकाना 'विशेष सूचना' असा आहे. त्यात काय लिहू, विचारलं.

"नाव मोठ्याने घ्यावे, एवढंच लिही. शेहेचाळीस वर्षं मी तिला 'अगं' म्हणून हाक मारली. निदान फादरनी तरी चार माणसांत तिचं नाव घ्यावं. मला ते ऐकायचंय."

एवढीच मागणी. आमच्या चर्चला ती पुरी करता आली नाही.

भावोजींचा धंदा कुलूपदुरुस्तीचा. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचा गाळा आहे, दोघे शिरले तर तिसऱ्याने रस्त्यावर उभं राहायचं. भिंतभर खिळ्यांना कोऱ्या चाव्या, मांडीवर जुनं फडकं, हातात कानस. वय पंच्याहत्तर, पण चष्मा फक्त पेपर वाचायला. लहानपणी ते वेदीसेवक होते, म्हणजे फादरांच्या मदतीला वेदीपाशी राहून प्रार्थनांची उत्तरं म्हणणारे. तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये असे आणि फादर लोकांकडे पाठ करून वेदीकडे तोंड करत. भावोजी सतरा-अठरा वर्षांचे असताना रोमहून सुधारणा आल्या. फादर लोकांकडे वळले, प्रार्थना आपल्या भाषेत आल्या. त्या वेळच्या फादरांनी यांना सांगितलं, ती लॅटिन उत्तरं आता विसर. हे विसरले. पन्नास वर्षांनी एका बिशपांनी दर शुक्रवारी जुन्या पद्धतीच्या मिस्सेला परवानगी दिली, तेव्हाच्या फादरांनी सांगितलं, आता आठवा. यांनी आठवली. आज्ञाधारकपणावर आमच्याकडे पुष्कळ भाषणं होतात, पण आज्ञा पाळताना मी पाहिलेला माणूस हा एकच.

शुक्रवारी पंचवीसेक माणसं यायची, बहुतेक तिशीच्या आतली. जुनी मिस्सा त्यांच्यापैकी कुणी लहानपणी पाहिलेली नव्हती. म्हणून दर गुरुवारी ती भावोजींच्या गाळ्यावर उत्तरं शिकायला जमत. हे चावी घासता घासता सांगत आणि ती मंडळी रस्त्यावर उभ्या उभ्या वहीत उतरवून घेत. एका जागी भावोजी नेहमी थांबायचे, कारण त्यांच्या लहानपणीच्या फादरांना नेमका तिथे खोकला यायचा. मंडळींनी तोही थांबा उतरवून घेतला. पुढे दर शुक्रवारी पंचवीस माणसं त्या जागी माना खाली घालून गंभीरपणे थांबत. भावोजींनी दोनदा खुलासा केला. कुणी ऐकलं नाही.

२० ऑक्टोबरला नव्या बिशपांचं पत्र आलं. १ नोव्हेंबरपासून जुनी पद्धत बंद.

त्यानंतर गाळ्यावर दोन पाहुणे येऊ लागले. एक या मंडळींचा पुढारी, दाढीवाला इंजिनिअर. दुसऱ्या, रविवारी नऊच्या मिस्सेत गिटार वाजवणाऱ्या निवृत्त शाळामास्तरीणबाई. एकदा दोघं एकाच वेळी आले. मी कपाटाची चावी घ्यायला तिथेच होतो.

"काका, अकरा तारखेला शुक्रवार आहे, ती मिस्सा जुन्या पद्धतीनेच व्हायला हवी," इंजिनिअर म्हणाला. "मेलेल्या माणसाच्या मिस्सेला फादर नाही म्हणू शकणार नाहीत."

"आणि बिशपांचं पत्र?" बाई म्हणाल्या.

"आमची आज्ञाधारकता त्याहून जुनी आहे, बाई."

"सोयीची आहे म्हण की! जुन्या मिस्सेत माझी आजी कोपऱ्यात जपमाळ ओढत बसायची. आत काय चाललंय, तिला आयुष्यभर कळलं नाही. आम्हाला कळतंय तर तुझ्या पोटात का दुखतं?"

"मला त्या शांततेत देव सापडला. तुमच्या गिटारीत सापडला नाही, तो काय माझा गुन्हा?"

दोघांचंही म्हणणं खरं होतं, त्यामुळे मला जास्त वैताग आला. भावोजींनी कानस खाली ठेवली. "तिचं नाव मोठ्याने कोण घेणार, ते सांगा."

इंजिनिअर अवघडला. "काका, जुन्या पद्धतीत मृतांची नावं येतात त्या जागी फादर आवाज काढत नाहीत. नाव मनातच घ्यायचं असतं."

"आमच्यात माइकवरून घेऊ!" बाई म्हणाल्या. "फक्त मिस्सेनंतर तुम्ही दोन शब्द बोला, की मी स्वखुशीने नव्या पद्धतीकडे आलो."

"बाई, मी बायकोच्या वर्षाला येतोय. पक्ष बदलायला नाही."

मी फादरांकडे गेलो. आमचे फादर अडतीस वर्षांचे, मनाने चांगले, पण कुणी जोरात शिंकलं तरी दचकणारे. मी म्हटलं, नव्या पद्धतीने साडेसहाला मिस्सा करा, नाव घ्या, मोकळे व्हा. ते म्हणाले, बिशपांच्या ऑफिसला विचारून घेऊ. मी चार पत्रं लिहिली. चारींचं उत्तर एकच आलं : पत्र पोचलं.

११ नोव्हेंबरला सव्वासहाला आम्ही पोचलो, तर चर्चच्या दाराला कुलूप. पायऱ्यांच्या डाव्या बाजूला इंजिनिअरची मंडळी गुडघे टेकून, उजव्या बाजूला बाई गिटार आणि आठ गायिकांसह. मध्ये मी आणि काळा कोट घातलेले भावोजी. वरच्या मजल्याची खिडकी उघडली. फादर होते.

"काका, माफ करा. आत भांडण नको, म्हणून दार लावलंय. पण तुमची मिस्सा राहिलेली नाही. मी साडेपाचला खोलीत एकट्याने केली."

"नाव घेतलंत?"

"घेतलं ना."

"मोठ्याने?"

फादरांनी खिडकीचं एक दार अर्धं ओढून घेतलं. मग म्हणाले, "मनात."

नियमाप्रमाणे व्यवहार पुरा झाला होता. पैसे घेतले, मिस्सा झाली, वहीत बरोबरची खूण करायला माझी काही हरकत असू शकत नव्हती. माझं डोकं मात्र तापलं.

इंजिनिअर पुढे आला. "काका, हत्यारं पिशवीत असतातच ना तुमच्या? उघडा. तुमच्या बायकोची मिस्सा आहे. आमच्यातही एक फादर आलेत, ते करतील."

"मी बसवलेलं कुलूप आहे ते," भावोजी म्हणाले. "दोन मिनिटांचं काम."

"मग?"

"मालक वर खिडकीत उभा आहे. मालकाला नको असताना मी आजवर कुणाचं दार उघडलेलं नाही."

"म्हणजे तुम्हीही त्यांचेच!"

"आणि इकडे येत नाहीत म्हणजे तुमचेच!" बाई डावीकडे बोट दाखवून ओरडल्या.

भावोजी माझ्याकडे वळले. "टॅक्सी थांबव. यांचं संध्याकाळपर्यंत चालेल."

गावाबाहेर एक वृद्धाश्रम आहे, टॅक्सी तिथे नेली. तिथली कपाटं भावोजींनी दुरुस्त केली होती. तिथे राहणारे एक निवृत्त फादर नव्वदीचे आहेत, खुर्चीतून उठता येत नाही, कानाला जवळजवळ काही ऐकू येत नाही. जेवणाच्या खोलीतल्या टेबलावर पांढरा कपडा पसरला.

"कुठली म्हणू?" त्यांनी विचारलं. "दोन्ही येतात. दोन्ही निम्म्या विसरलोय."

"बिशप म्हणतात, नवी!" भावोजी त्यांच्या कानाशी ओरडले. "पण तिचं नाव मोठ्याने घ्या!"

बहिऱ्या माणसाला हळू बोलता येत नाही. नावाची जागा आली तेव्हा फादरांनी ताईचं नाव असं घेतलं, की स्वयंपाकघरातली बाई हात पुसत दारात आली, "मला बोलावलंत?" भावोजींनी हाताने नाही अशी खूण केली. तो हात मग त्यांनी डोळ्यांवरच ठेवला. मी टेबलाच्या कपड्याकडे बघत राहिलो.

त्या आठवड्यात इंजिनिअरच्या मंडळींनी गाळ्यावर येणं बंद केलं. भावोजी आपलं चर्च सोडून बाहेर मिस्सेला जातात, अशी लेखी तक्रार बाईंनी ऑफिसात आणून दिली. मी ती आवक क्रमांक घालून फाइलला लावली. भावोजी आता रविवारी नऊच्या मिस्सेला मागच्या बाकावर बसतात. त्यांच्या शेजारी दोन्ही बाजूंचं कुणी बसत नाही, म्हणून मी बसतो.

टॅक्सीचे जाऊन-येऊन चारशे वीस झाले. ते भावोजींनी दिले. माझ्या वाट्याचे दोनशे दहा त्यांना द्यायचे आहेत.