केळ्याविना केळ्याचा वास

पौषातलं धुकं प्रवरेवरून उठून कॉलेजच्या खिडक्यांशी येऊन बसलं होतं. नळाचं पाणी बोटांना चावत होतं, तरी लंकाबाईंनी प्रयोगशाळा झाडून काचेच्या नळ्या विसळायला घेतल्या. माहेर पाथर्डीकडचं. पंधरा वर्षं उसाच्या फडात कोयता चालवला, मग कोल्हारातच राहिल्या आणि इथं कामाला लागल्या. पोरांनी बीकरमध्ये चहा केलेला त्यांनी एकदा पकडला होता. तेव्हापासून इथं कुणी खाताना दिसलं की बाई मॅडमांच्याही आधी बोलायच्या.

त्या सकाळी उबेच्या कपाटातल्या एका चंबूतून पिकल्या केळ्याचा घमघमाट आला. आत पिवळसर, गढूळ पाणी. वर इंग्रजी चिठ्ठी. ती तर पोरं डब्यांवरही लावतात. इथले जंतू वाढले की घाण मारतात, हे बाईंना पाठ होतं. हे शिकरणच. इथं काहीही ओतायच्या आधी उकळायचा रिवाज, म्हणून त्यांनी आधी चंबू वाफेच्या मोठ्या कुकरात उकळला, मग मोरीत ओतला, घासून पालथा घातला.

साडेनवाला सृष्टी आली. सिंथेटिक बायोलॉजी हा नवा विषय घेतलेली पोरगी. अकरा वाजता तिची परीक्षा.

"मावशे, माझा चंबू कुठाय?"

"शिकरणाचा व्हय? ओतलं. खायाचं तर घरून खाऊन येत जा."

सृष्टी स्टुलावर बसलीच. "त्यात केळं नव्हतं गं."

"मला नाक हाय, पोरी."

"जंतू होते. त्यांच्यात आम्ही बदल केला, म्हणून त्यांना केळ्याचा वास येत होता. महिनाभर खपले मी. आज परीक्षक तोच वास घेऊन मार्क देणार होते."

बाईंच्या हातातला ब्रश तसाच राहिला. केळं नाही, केळीची बाग नाही, आणि वास केळ्याचा. त्यांनी पालथा चंबू उचलून हुंगला. नुसता साबण.

"जित्ते हुते?"

"हो."

"आन् म्या उकडले."

शिकवणाऱ्या राजेश्वरी मॅडम दारातच थबकल्या होत्या. "चिठ्ठी मराठीत का नाही लावली, सृष्टी?" एवढंच त्या म्हणाल्या.

बाईंनी चंबू खाली ठेवून विचारलं, "इरजण ठिवलंय का? का समदं एकाच भांड्यात हुतं?"

मॅडम चमकल्या. "फ्रिजमध्ये आहे थोडं. पण वास धरायला एक रात्र लागते."

"मंग हिचा लंबर उद्या लावा. म्या केलंय, म्याच सांगते सायबाला."

आणि सांगितलंही. पुण्याचे परीक्षक दोन दिवस मुक्कामी होते. त्यांनी सृष्टीची पाळी दुसऱ्या दिवशी घेतली, पण बजावलं, "उद्या वास आला नाही तर मार्क नाहीत." सृष्टी फ्रिजकडे धावली.

"गुलाबाचा वास लावला आस्ता तर म्या देव्हाऱ्यात शिंपडलं आस्तं," बाई पुटपुटल्या. हसू काही आलं नाही. सकाळच्या निम्म्या नळ्या अजून तशाच होत्या. बाईंनी ब्रशला साबण लावला.