इनासियाचं वायफाय आणि जॉयसीचं माप

मालवणातले बाकीचे शिंपी टेप लावतात आणि आकडा मोठ्याने सांगतात. दुकानात बसलेली चार डोकी तो ऐकतात. इनासिया टेप लावायची, आकडा मनात वाचायची आणि वहीत लिहायची. कंबर छत्तीस की चव्वेचाळीस, ते ती जाणे आणि वही जाणे. तीस वर्षांत तिने लग्नाचे गाऊन शिवले, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीचे झगे शिवले, पण तिच्या तोंडून कुणाच्या कंबरेची बातमी कधी बाहेर पडली नाही. ज्या गावात इतर सगळ्या बातम्या सकाळी नऊच्या आत मासळी बाजारात पोचतात, तिथे ही काही साधी गोष्ट नव्हे.

नवरा कॉस्मे वारला, मुलगी सँड्रीना दुबईला गेली, आणि तिनेच आईचा धंदा मोबाईलवर चढवून दिला. आता गिऱ्हाईक घरी येत नाही. पुण्या-वसईची बाई अंगासरसे कपडे घालून भिंतीपाशी उभी राहते, समोरून, बाजूने आणि पाठीमागून फोटो काढते, स्वतःच मापं लिहून पाठवते आणि कुरियरने तिला झगा मिळतो. सुरुवातीला इनासिया यावर नाक मुरडायची. बाई आपलं माप स्वतः घेते तेव्हा कंबर हमखास दोन इंच कमी लिहिते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती फोटो बघून दोन इंच वाढवायची आणि कुणाला काही बोलायची नाही.

वाडीत वायफाय पहिल्यांदा आलं ते तिच्याकडेच. तिच्या अंगणातल्या विहिरीवर पिढ्यान् पिढ्या शेजारपाजार पाणी भरतो, कुणाला नाही म्हणायची रीत नाही. वायफायलाही तिने तोच न्याय लावला. रोज कुणी ना कुणी विचारायला यायचं, म्हणून तिने पासवर्ड कागदावर लिहून खिडकीच्या गजाला बांधून टाकला. शेजारच्या शंकरने होमस्टे काढला तेव्हा तोच पासवर्ड त्याने खोल्यांच्या कार्डांवर छापून घेतला. इनासियाला त्यात थोडा मानच वाटला.

मार्चमध्ये दोडामार्गहून जॉयसीची ऑर्डर आली. जॉयसी शाळेत शिक्षिका, मुलाचं, डायलनचं, लग्न मे महिन्यात. फोटोंसोबत तिने लिहिलं होतं, की चौदा महिन्यांपूर्वी ऑपरेशनमध्ये डावा स्तन काढावा लागला. घराबाहेर कुणालाच माहीत नाही, शाळेत पोटाचं ऑपरेशन म्हणून सांगितलंय. कुणा शिंपिणीसमोर उभं राहण्याची हिंमत नाही, म्हणून ऑनलाइन. झगा असा हवा, की नवऱ्यामुलाची आई म्हणून पहिल्या बाकावर बसताना लोकांनी तिच्या तोंडाकडे बघावं.

इनासियाने तो मजकूर दोनदा वाचला आणि डोळे पुसले. डाव्या खांद्याचा उतार मोबाईलच्या पडद्यावर नीट कळेना, म्हणून तिने जॉयसीच्या नावाने ठेवलेला फोटो टीव्हीवर मोठा करून बघायचं ठरवलं. मोबाईलवरच्या यादीत सारख्याच नावाचे दोन टीव्ही दिसले, तिने वरचा दाबला. तिचा टीव्ही काळाच. पुन्हा दाबलं. मग बाजूचा फोटो, मग पाठीमागचा.

शंकरची बायको शेवंती धावत आली ती पदराला हात पुसतच. दारात उभं राहून तिने हळू आवाजात सांगितलं, की कसल्यातरी बाईचे फोटो आमच्या टीव्हीवर येतायत, वर नावसुद्धा आहे. कोल्हापूरचे पाहुणे जेवायला बसले होते, मी सरळ वायर उपटली. इनासियाने मोबाईल बंदच करून टाकला.

इंटरनेटवाला साजिद तासाभरात आला. तिच्या वायफायवर अकरा यंत्रं चालू होती, त्यांतली तिची दोन. वायफायच्या खोक्याचा, म्हणजे राउटरचा, आतला पासवर्डही कारखान्यातून आला तसाच होता, तो कुणालाही ओळखता आला असता. साजिदने दोन्ही पासवर्ड बदलले आणि पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढून दिलं, ज्यावरून तिची यंत्रं दिसणार नाहीत. विहिरीचं पाणी द्यावं, पण त्यासाठी कुणी स्वयंपाकघराचं दार उघडं टाकत नाही. हे इनासियाला कळलं, पण उशिरा. खिडकीवरचा कागद तिने फाडला.

जाताना साजिद म्हणाला, की झाकली मूठ सव्वा लाखाची. पाहुणे उद्या जातील, शेवंती काही बोलणार नाही, त्या बाईला कशाला सांगायचं? सल्ला शहाणपणाचा होता, यात वाद नाही. इनासियाने तो दोन दिवस पाळून बघितला. कापड टेबलावर पसरलं आणि कात्री हातात घेऊन ती नुसती उभी राहिली. तिसऱ्या दिवशी तिने फोन लावला आणि फोटो कुठे दिसले, टीव्हीसमोर कोण कोण होतं ते सगळं सांगितलं. मग जॉयसीने शुद्ध मराठीत, शाळेत बोलावं तशा आवाजात, फोटो काढून टाकायला सांगितले, ऑर्डर रद्द केली आणि फोन ठेवला. इनासिया त्या दिवशी जेवली नाही.

आठवड्याने दुपारच्या एसटीने एक उंच बाई आली. अंगावर शाल, तीही मालवणच्या उकाड्यात. नाव सांगायची गरज पडली नाही. इनासियाने पाणी दिलं. जॉयसीने घोट घेतला आणि विचारलं, "तू सांगितलंस कित्याक? माका कधी कळला नसता."

"माका तर कळलेला," इनासिया म्हणाली. "तुजो विश्वास मोडून तुजोच झगो कसो शिवतलंय?"

जॉयसीने उरलेलं पाणी संपवलं. मग उठून तिने दार लावलं, आतून कडी घातली, शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि ब्लाऊजच्या बटणांना हात घातला.

"चौदा म्हयने झाले, घरात माज्या घोवासमोर पण मी कपडे बदलूक नाय," ती म्हणाली. "तू घे माप."