न झालेल्या कार्यशाळेचा हजेरीपट

सत्तावीस वर्षं मी मोताळा तालुक्यातल्या शाळांमध्ये शिकवलं. रोज सकाळी पहिलं काम हजेरीचं. समोर बसलेला हजर, नसलेला गैरहजर. एकदा माझ्याकडून एका गैरहजर पोराची हजेरी लागली, तर तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्याकडून लेखी खुलासा घेतला होता. त्या खुलाशाची मला अजून लाज वाटते. हे आधीच सांगते. पुढे जे झालं त्याचा मला इतका संताप का आला, ते त्याशिवाय कळायचं नाही.

आमच्या गावात एक भारुडकरी बुवा आहेत. वय सत्तरीच्या पुढे. दोन एकरांत वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावतात आणि मोताळ्याच्या बाजारात बायकोसोबत दुकान मांडून बसतात. पण तालुका त्यांना ओळखतो तो त्यांच्या सोंगांमुळे. भारुडात ते बाईचं सोंग घेत. नऊवारी नेसून, कपाळभर कुंकू लावून सासुरवाशिणीचं गाऱ्हाणं त्यांनी सुरू केलं की समोरच्या बाया आधी पोट धरून हसायच्या आणि मग एकेकीचा पदर डोळ्यांना लागायचा.

बुवा शाळेत गेलेले नव्हते. एका स्पर्धेत त्यांना पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा ते सोंगातच, लुगडं नेसून मंचावर गेले. आयोजकांनी सहीसाठी वही पुढे केली. बुवा थबकले. तेवढ्यात माइक हातात असलेला माणूस म्हणाला, "शाईचा डबा आणा हो, बाईले सही येत नाही." सगळा मंडप हसला. त्यांच्या भारुडाला लोक हसत तसं ते हसणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बुवा शाळेच्या पडवीत येऊन उभे राहिले.

"बाई, मले माहं नाव लिहाले शिकवा. बाकी काई नाही आलं तरी चालते."

तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते. त्यांच्या नावात एक जोडाक्षर आहे. त्या एका अक्षराने आम्हा दोघांना बारा दिवस छळलं. पण ज्या दिवशी ते जमलं, त्या दिवशी त्यांनी शाळेचा अख्खा फळा स्वतःच्या नावाने भरून टाकला आणि पुसू दिला नाही. पोरांना मी त्या दिवशी गणित तोंडीच शिकवलं. तेव्हापासून बुवांनी कुठेही अंगठा दिलेला नाही. बँकेत, सोसायटीत, रेशनच्या दुकानात, जिथे जागा दिसेल तिथे सही. जोडाक्षर बाकीच्या अक्षरांपेक्षा जरा मोठंच.

दोन-तीन वर्षांपूर्वी मी त्यांना वृद्ध कलावंतांच्या मानधनाचा अर्ज भरून दिला. प्रमाणपत्रं, जुने फोटो, गावाचा दाखला, सगळं जोडलं. सात महिन्यांनी उत्तर आलं. बुवा तो कागद घेऊन माझ्याकडे आले.

"वाचा बरं. मले वाटते हे दुसऱ्या कोणाचं आहे."

मी वाचलं. अर्जदाराने आपल्या गावच्या शाळेत झालेल्या तीन दिवसीय लोककला कार्यशाळेत प्रशिक्षक म्हणून मानधनाचा लाभ घेतलेला असल्याने अर्ज अमान्य, असं त्यात लिहिलं होतं.

"बुवा, तुम्ही कधी शिकवलं इथे?"

"इथी? कोणाले? माह्या घरच्या पोराले मी भारुड शिकवू शकलो नाही, बाई."

माझं घर शाळेच्या वाटेवरच आहे. शाळेत मांडव पडला, माइक लागला, पाहुण्यांची गाडी आली, तर मला ते ओट्यावरून दिसतं. तीन दिवसांची कार्यशाळा माझ्या घरासमोरून गेली आणि मला दिसली नाही, असं तो कागद मला सांगत होता.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला आणि सरळ चार गोष्टी मागितल्या. कार्यशाळा कोणत्या तारखांना झाली, कोणत्या संस्थेने घेतली, हजेरीपट आणि फोटो. पोस्टाने न पाठवता मी आणि बुवा राजूर घाट चढून एसटीने बुलढाण्याला गेलो. कार्यालयातल्या बाबूने अर्ज वाचला आणि पहिला प्रश्न केला,

"काऊन पाह्यजे तुम्हाले हे?"

"कारण सांगायचं बंधन नाही," मी म्हटलं. "कायदा वाचून आलेय."

तो हसला. "मॅडम, रिटायर झाल्या ना तुम्ही? आता नातवंडं खेळवा. कायले या भानगडीत पडता?"

माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांच्या वयाचा तो माणूस. मी पोच घेतली, शिक्का नीट उमटला की नाही ते पाहिलं आणि निघाले. बुवा जिन्यात म्हणाले, "बाई, तुमी रागावल्या म्हंजे मले शाळेतल्यासारखी भीती वाटते." मी हसले नाही. मला हसू येतच नव्हतं.

तिसाव्या दिवशी उत्तर आलं. मागितलेली माहिती व्यापक स्वरूपाची असल्याने देता येत नाही. चार गोष्टी, त्या व्यापक! मी अपील केलं. सुनावणीच्या तारखेला गेलो तर साहेब दौऱ्यावर. दुसरी तारीख. त्या तारखेला मीटिंग. प्रत्येक वेळी बुवांचा बाजार बुडायचा, भाजी सुकायची. मी म्हणायचे, तुम्ही नका येऊ, मी एकटी जाते. ते ऐकत नसत. "माहं नाव आहे त्याच्यात. मी नाही तं कोण येईन?"

तिसऱ्या तारखेला साहेब भेटले. त्यांनी अर्ज वाचला, बाबूला विचारलं, "यात व्यापक काय आहे?" आणि फाईल दाखवायचा हुकूम दिला. एवढ्या सगळ्यात तो एकच माणूस सरळ वागला, म्हणून त्याची नोंद करते.

फाईल पातळ होती. वर एका संस्थेचं पत्र. ते नाव आमच्या गावात कोणी ऐकलेलं नाही. मग मंजुरीचा आदेश. मग तीन फोटो. एकात संस्थेचा फलक, एकात मागून घेतलेली माणसांची डोकी, एकात चकचकीत टाइल्सच्या हॉलमध्ये कोणीतरी ढोलकी वाजवतंय. आमच्या शाळेत टाइल्स नाहीत, शहाबादी फरशी आहे, आणि तीही अर्ध्याच खोल्यांत. मग हजेरीपट. पहिल्याच ओळीत प्रशिक्षक म्हणून बुवांचं नाव. आणि नावासमोर तिन्ही दिवसांच्या चौकटींत तीन निळे अंगठे.

मी काही बोलायच्या आत बुवांनी कागद स्वतःकडे ओढला. त्यांनी चष्मा लावला. बोट नावाखालून सरकत गेलं, अंगठ्यावर थांबलं.

"हा अंगठा माहा नोहे."

बाबू म्हणाला, "आजोबा, आठवत नसेल. वय झालं की..."

"मले सही येते!"

कचेरीत सगळ्यांनी माना वर केल्या. बुवांचा आवाज मैदान भरवणारा आहे, माइक नसताना हजार माणसाला ऐकू जाणारा. टेबलावरचा पेन उचलून त्यांनी तिथल्याच एका पाकिटाच्या पाठीवर सही केली, आणि परत केली, आणि परत. तिन्ही वेळा जोडाक्षर चुकलं नाही.

"पाह्य. हे पाह्य. वीस वर्षांपासून मी अंगठा देल्ला नाही. काऊन लावला माह्या नावापुढं अंगठा? मले विचारलं व्हतं?"

"अहो, अंगठा काय अन् सही काय, सारखंच असते ते," बाबू म्हणाला.

सारखंच असते! मी सत्तावीस वर्षं नोकरी केली, पण कोणाच्या कानाखाली वाजवावी असं मला पोरांच्या बाबतीतही कधी वाटलं नव्हतं. ते त्या दिवशी वाटलं. कार्यशाळा न घेता कागदावर दाखवली, हा एक गुन्हा. पण ज्याने तो कागद केला त्याने नाव वाचलं, गाव वाचलं, भारुडकरी वाचलं, आणि मनाशी ठरवलं की या माणसाला सही येतच नसणार. याची चौकशी कोणत्या कलमाखाली होते?

मी यादी खाली वाचत गेले. बुवांच्या फडातली माणसं, आमच्याच गल्लीतल्या दोन बाया, एक पीठगिरणीवाला. नववं नाव बुवांच्या मृदंगवाल्याचं, त्याच्यासमोरही तीन अंगठे. मी तारीख पुन्हा पाहिली. मृदंगवाले श्रावणात गेले होते. कार्यशाळा त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली होती.

बुवांनाही कळलं होतं. ते बाकड्यावर बसले आणि हळूच म्हणाले, "त्याले बी आणलं."

साक्षांकित प्रती घेतल्या आणि आम्ही परतलो.

पुढच्या ग्रामसभेत मी ते कागद वाचायला उभी राहिले. मी भाषण केलं नाही. फक्त हजेरी घेतली. एकेक नाव मोठ्याने वाचलं आणि विचारलं, तुम्ही होता का? गिरणीवाला म्हणाला, मी कायले जाऊ भारुड शिकाले? बायांनी एकमेकींकडे पाहिलं. काही लोक हसले. मग नववं नाव आलं. वाचावं की नाही, असं क्षणभर झालं. वाचलं.

मृदंगवाल्याची बायको मागे भिंतीशी बसली होती. ती उठून पुढे आली.

"तीन दिवस हजर व्हते म्हंता?"

"कागदावर तसं लिहिलंय, वहिनी."

"गावात?"

"हो."

"मंग घरी काऊन नाही आले?"

सरपंचबाईंनी पदर तोंडाला लावला. वहिनी माझ्यासमोर उभ्या होत्या आणि त्यांना खरंच उत्तर हवं होतं. गावात अशी कोणतीही कार्यशाळा झाली नाही, असा ठराव त्या दिवशी एकमताने झाला, आणि खाली सह्या करायला रांग लागली.

ठराव पाठवला. तक्रार केली. पाच महिन्यांनी चौकशीचं उत्तर आलं. सदर प्रकरणी नावांबाबत गैरसमज झाल्याचे दिसते, ही लिपिकीय चूक आहे, संबंधितांना समज देण्यात आली आहे. लिपिकीय चूक म्हणजे वेलांटी चुकते, अंक उलटा पडतो. मेलेल्या माणसाचा हात धरून तीन वेळा शाईत बुडवणं, ही कसली लिपिकीय चूक? त्या पत्राला मी जे उत्तर लिहिलं, ते माझ्या मुलाने फाडायला लावलं. मग सभ्य भाषेत दुसरं लिहिलं. त्या संस्थेला आणखी कोणत्या गावांत कार्यशाळा दिल्या, त्यांचे हजेरीपट द्या, असं मागितलं. त्याचं उत्तर अजून नाही. दुसरं अपील केलंय, तारखेची वाट पाहतेय.

बुवांचा अर्ज मात्र मंजूर झाला. त्याआधी कार्यालयातून एक माणूस टाइप केलेला कागद घेऊन त्यांच्या घरी आला होता. माझी काही तक्रार नाही, असं त्यावर लिहिलेलं. सही करा म्हणजे काम लवकर होईल, असं तो म्हणाला. बुवांनी कागद मला वाचायला पाठवला, मी वाचून परत पाठवला, आणि तो त्यांनी सही न करताच त्याच्या हातात ठेवला. त्यामुळे मंजुरी चार महिने उशिरा आली. बुवा म्हणतात, येऊ दे उशिरा.

वहिनींना काहीच मिळणार नाही, कारण त्यांचा कसलाच अर्ज नव्हता. नवऱ्याचं नाव त्या यादीतून काढून टाका, एवढंच त्यांचं म्हणणं. मी कार्यालयात विचारलं. जुन्या कागदावरची नोंद खोडता येत नाही म्हणे, नियम नाही. ज्यांना ती लिहिता आली त्यांच्यासाठी कोणता नियम होता, ते कोणी सांगितलं नाही.

बाजाराच्या दिवशी वहिनी आमच्या ओट्याशी थांबतात. पिशवी खाली ठेवतात.

"आलं का काही, बाई?"

"नाही अजून."

"बरं. पुढच्या हप्त्यात येतो मी."

आणि येतात.