चार स्क्रूंचा दिवा

भोरला आमच्या आळीत एक चाचा राहत, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. कुणाला विजेची वस्तू घ्यायची असली की तो चाचांना दुकानात सोबत नेई. चाचा रंग बघत नसत, कंपनी बघत नसत. वस्तू उलटी करून खाली स्क्रू आहेत का, एवढंच बघत.

"जे उघडत न्हाई ते दुरुस्त कसं व्हायचं? मग टाका नदीत!"

मी शिकलेला माणूस. लोडशेडिंगसाठी चार्जिंगचा दिवा मी एकट्यानेच पुण्याहून आणला. लेकीच्या दहावीच्या परीक्षेला आठवडा राहिला आणि तो बंद पडला.

चाचांनी तो उलटा केला. स्क्रू नव्हते. त्यांनी घरातला स्वतःचा जुना, चार स्क्रूंचा दिवा आणून लेकीच्या हातात दिला. माझा मात्र ठेवून घेतला. मी तो नदीत टाकेन, अशी त्यांना खात्री होती.

परीक्षा संपेपर्यंत वीज गेली की चाचा ओट्यावर अंधारात बसलेले दिसत.

"चाचा, तुम्हाला दिवा नको?"

"मला कुठं दहावी हाय?"

आता मीही दुकानात प्रत्येक वस्तू आधी उलटी करतो. परवा इस्त्री उलटी केली, तर दुकानदाराने विचारलं, "चाचांच्या आळीतले का?"